टच गेला

‘टच गेला’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की त्यात एक शब्द इंग्रजी आहे हे आता जाणवतही नाही. वीज गेली, पाऊस गेला, माणूस गेला, तसाच टच गेला. मराठीतलं ‘जाणे’ हे क्रियापद मोठं सोशिक आहे. हातातून जे जे सुटतं ते सगळं त्याच्याच खात्यावर जमा! आयुष्यभर व्याकरण शिकवल्यामुळे असल्या गोष्टींकडे लक्ष जातं, त्याला इलाज नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या वहिनींच्या फोनचा टच गेला. फोन मूळचा दादांचा. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांना वहीतलं दिसेनासं झालं होतं, म्हणून शेतीचा हिशेब ते फोनमध्ये बोलून ठेवायचे. कांद्याच्या इतक्या गोण्या गेल्या, मजुरी इतकी दिली, मोटर दोन तास चालली. मध्येच खोकला, मागे कुत्र्याचं भुंकणं, आणि एखाद्या ठिकाणी ‘अगं, चहा टाक’. असे शंभराच्या वर तुकडे त्या फोनमध्ये होते, आणि फक्त त्याच फोनमध्ये. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की वहिनी त्यातला एखादा ऐकतात.

फोन चालू होता, काच शाबूत होती, चित्र स्वच्छ दिसत होतं. पण पडद्याचा खालचा तिसरा भाग बोटाला दाद देईना. कुलूप उघडायची नक्षी नेमकी तिथूनच जाणारी! एका दुकानात सांगितलं, रीसेट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, फोन नाही मिळाला तरी चालेल, पण आतलं जायला नको.”

इथे थोडं थांबून हा टच म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते त्या निमित्तानेच नीट समजलं. आपल्याला वाटतं आपण काच दाबतो. तसं नसतं. काचेखाली एक पारदर्शक, वीजवाहक थर असतो, इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा. त्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी, पाटीवरच्या चौकटींसारखी. जाळीवर किंचित विद्युतभार असतो. आपलं शरीर वीजवाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या जागचा भार थोडा बदलतो. एक छोटी चिप सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा सगळी जाळी तपासते आणि बदल कुठे झाला ते सांगते. म्हणून नखाने किंवा साध्या पेन्सिलीने हा पडदा हलत नाही. जाळीचा एक पट्टा किंवा तिची नाजूक पट्टीवजा वायर निकामी झाली, तर तेवढाच भाग बहिरा होतो. चित्र दाखवणारा थर वेगळा, त्याला काही झालेलं नसतं.

ही कल्पना फोनपेक्षा पुष्कळ जुनी. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली असा पडदा मांडला, तोही विमानवाहतूक नियंत्रणासाठी. पुढे 1970च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी यंत्रांच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे बनवले. आपल्या बंगळुरूचा सिंप्युटर आठवतो का? त्याला मात्र बारीक कांडीने टोचावं लागे. पहिला आयफोन 2007 साली आला आणि मग बोटांचं राज्य सुरू झालं.

असो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मुलाचं टपरीवजा दुकान आहे. त्याने फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “सर, आत काही जपायचं आहे का?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मग आधी ते काढू. फोल्डर नंतर टाकू.” फोल्डर म्हणजे काच, टच आणि चित्राचा पडदा असा चिकटवलेला जोड. कागदपत्रं ठेवायच्या फोल्डरचा याच्याशी संबंध नाही.

त्याने ओटीजी नावाची बोटभर जोडणी फोनच्या चार्जिंगच्या भोकात घातली आणि तिला संगणकाचा साधा माऊस जोडला. पडद्यावर बाण उमटला! टच गेला तरी फोनला दुसऱ्या वाटेने सांगता येतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या गावीही नव्हतं. वहिनींनी नक्षी सांगितली, त्याने बाणाने ओढली, कुलूप उघडलं. मग कुलूपच बंद करून टाकलं, माऊस काढला, फोन वायरने संगणकाला लावला आणि आवाजाचे सगळे तुकडे उतरवून घेतले. खात्री म्हणून एक लावून पाहिला. दुकानात दादांचा आवाज आला, गोण्यांचा हिशेब सांगणारा. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा उगाचच स्क्रू शोधू लागला.

मग त्याने फोन उघडला. दुखणं निराळंच निघालं. बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि पडद्याला आतून रेटत होती. नुसता फोल्डर बदलला असता तर नवाही टिकला नसता. (फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये आणि तो फोन चार्जिंगलाही लावू नये, हे त्याने बजावून सांगितलं.) बॅटरी आणि फोल्डर दोन्ही बदललं. दोन हजारांच्या आत काम झालं.

एक गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. पुष्कळदा टच गेलेला नसतोच. वयाने बोटांची कातडी कोरडी होते, शेतात राबणाऱ्यांच्या बोटांना घट्टे पडतात, आणि पडद्याला बोट आल्याचं कळतच नाही. मग नातवंडं म्हणतात, आजोबांना फोन येत नाही. अशा वेळी बोट जरा ओलसर करावं, वर लावलेली जाड काच काढून पाहावी, सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल तर ती वाढवावी. उलट पडद्यावर पाण्याचे थेंब असले किंवा चार्जर निकृष्ट असला, तर फोन आपोआप भुतासारखा चालू लागतो. आधी चार्जर काढून, पडदा पुसून बघावं आणि मगच दुकान गाठावं.

आमच्या लहानपणी स्टोव्ह, छत्री, घड्याळ सगळं दुरुस्त करणारे दारावर नाहीतर बाजारात भेटायचे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचं संकेतस्थळही सुरू केलं. शेती अवजारं आणि मोबाइल हे दोन्ही त्यात आहेत. सुटे भाग आणि माहिती अशा टपरीपर्यंत पोहोचली, तर त्या हक्काला अर्थ.

दादांचे तुकडे आता तीन ठिकाणी आहेत: वहिनींकडे, माझ्याकडे आणि पुण्याला पुतणीकडे. तुमच्याकडेही असं काही एकाच फोनमध्ये असेल, तर टच शाबूत आहे तोवर येत्या रविवारी उतरवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.