जुन्या लॉरीची ओढ

भंडाऱ्यास आमच्या घरामागें एक लष्करी लॉरी उभी आहे. दुसऱ्या महायुद्धासाठीं कॅनडांत बनलेली ही फोर्ड. युद्ध संपल्यावर सरकारनें विक्रीस काढलेल्या मालांतून वडिलांनीं ती घेतली, आणि साकोलीकडील धान तुमसरच्या गिरण्यांना पोंचविण्यांत तिची उमर गेली. अशा गाड्यांत मागाहून पुष्कळांनीं डिझेल इंजिनें बसविलीं. वडिलांनीं तें केलें नाहीं, आणि आम्हांलाही करवेना. अखेर जुनेंच इंजिन उतरवून नवें करण्याचें ठरविलें.

हें इंजिन आठ सिलिंडरांचें, सपाट डोक्याचें. फोर्डनें हा नमुना १९३२ सालीं काढला. यांतील व्हॉल्व हेडमध्यें नसून सिलिंडरांशेजारीं ब्लॉकमध्येंच असतात. हेड म्हणजे नुसतें झांकण. रचना सुटसुटीत खरी, पण जळका धूर बाहेर पडतो तो ब्लॉकच्या पोटांतून, पाण्याच्या पोकळींमधून. पाणी त्यामुळें लवकर तापतें. भंडाऱ्याचा वैशाख ज्यांनीं सोसला आहे त्यांना पुढचें सांगावयास नको.

आम्हांला वेग नको होता. भरल्या गाडीनें धिम्या चालीनें चढ चढावा, एवढी ओढ हवी होती. पुस्तकें वाचून आम्हीं बेत केला कीं, हेड घासून दाब वाढवावा. वृद्ध मिस्त्रींनीं तो शांतपणें ऐकून घेतला. म्हणाले, "भाऊ, गाडी शर्यतीत पळवाची हाय का?" हेड फार घासलें कीं व्हॉल्वपासून सिलिंडराकडे जाणारी वाट अरुंद होते, आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यापेक्षां क्रँक बदलावा. १९४९ च्या मर्क्युरी मोटारीचा क्रँक या ब्लॉकांत बसतो. पिस्टनाची धाव पावणेचार इंचांची चार इंच होते, आणि २३९ घनइंचांचें इंजिन २५५ चें. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर ठोकला कीं दळणें हलकें जातें, तसेंच हें. घरांतील मंडळींना मात्र एवढें समजावूनही खर्चाचा आंकडा पटला नाहीं.

ब्लॉक कॉस्टिकच्या पाण्यांत उकळला, तेव्हां पोकळींतून ओतकामाच्या वेळची वाळू निघाली! आमच्या वडिलांच्या उभ्या हयातींत पाणी कां उकळत असे, याचा उलगडा तेव्हां झाला. पण ब्लॉक स्वच्छ होतांच व्हॉल्वच्या बैठकीपासून सिलिंडरापर्यंत गेलेली केसाएवढी चीर दिसली. आमच्या काळजांत चर्र झालें. शहरांतील एका कारखान्यानें तर ब्लॉक भंगारांत घालण्याचा सल्ला दिला.

मिस्त्रींनीं दोन दिवस कांहींच सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चिरेवर ओळीनें भोंकें पाडलीं, आटे कापले, आणि एकांत एक अडकणारे खिळे बसवून ती अक्षरशः शिवली. त्या सिलिंडरांत स्लीव्ह घातली, बैठका कठीण पोलादाच्या केल्या. उरलेले सिलिंडर आणखी मोठे करावे, असें आम्हीं सुचवून पाहिलें. भिंत पातळ करून घेतलेली ताकद उन्हाळ्यांत परत द्यावी लागते, असें म्हणून त्यांनीं लेथ बंद केला.

पहिल्या फेरीस वीस पोतीं धान घालून पांदणीनें वैनगंगेकडे गेलों. परततांना काठाचा चढ लॉरी गिअर न बदलतां चढली. मिस्त्री शेजारीं बसून पाण्याच्या कांट्याकडे पाहत होते. वर आल्यावर त्यांनीं इंजिन बंद करूं दिलें नाहीं. खालीं उतरून, त्या शिवलेल्या बाजूला कान देऊन, बराच वेळ उभे राहिले.