धारूरच्या तटावर

बालाघाटाच्या रांगेने बीड जिल्ह्याची दोन भागांत वाटणी केली आहे. उत्तरेस गोदावरीच्या काठची काळी, सखल गंगथडी आणि दक्षिणेस घाटावरचे मुरमाड पठार. माजलगाव गंगथडीत, सिंदफणेच्या काठी वसलेले. किल्ले धारूर घाटावर, पठाराच्या अगदी कडेशी. दोहोंत अंतर सुमारे ४० किलोमीटरचे. इतक्या जवळचा हा किल्ला माजलगावच्या कितीतरी कुटुंबांनी पाहिलेला नसतो. दूरची क्षेत्रे मात्र पाहून झालेली असतात.

पेठेत कापडाचे दुकान असलेल्या एका जैन दांपत्याचेही तसेच होते. श्रवणबेळगोळ झाले होते, कुंथलगिरी, गजपंथा, मांगीतुंगी झाले होते. राहिले होते ते सम्मेदशिखर. दुकान, मुलांची शिक्षणे, सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांत ती वंदना वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली आणि अखेर बाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. शिखरजीची वंदना म्हणजे ९ किलोमीटर चढण, वर टोंकांच्या दर्शनाचे ९ आणि पुन्हा ९ किलोमीटरची उतरण. डोली मिळते, हे शेठजींनी सुचवून पाहिले. "माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन कसली वंदना हो?" एवढेच बाई म्हणाल्या. त्यानंतर घरात कोणी शिखरजीचे नाव काढले नाही. बाईंनी घराबाहेर पडणेही हळूहळू कमी केले; मंदिर आणि घर, घर आणि मंदिर.

शेठजींनी धारूर निवडले त्यामागे एक हिशेब होता. हा डोंगरी किल्ला असूनही तिथे पोहोचायला डोंगर चढावा लागत नाही. पठाराचे एक टोक पुढे आलेले आहे, त्याच्या तिन्ही बाजूंना खोल दऱ्या आहेत आणि चौथ्या बाजूला सपाट जमीन. ती तोडण्यासाठी खंदक खणलेला. दरीतून पाहणाऱ्याला तो गिरिदुर्ग वाटतो, गावाकडून येणाऱ्याला भुईकोट. सारी चढण घाटरस्त्याने आधीच चढून घेतलेली असते, आणि ती स्कूटरने चढायची होती.

कार्तिकातले अष्टाह्निका पर्व संपले होते. चातुर्मास उलटून मुनिसंघांचे विहार सुरू झाले होते. सकाळचे दर्शन आटोपून, गाळलेले पाणी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घेऊन दोघे निघाले. ओट्याच्या पायरीवर उभे राहून बाई स्कूटरवर एका बाजूने बसल्या. त्या बसण्यालाच पाच मिनिटे लागली, आणि शेजारच्या दारांतून ते पाहिलेही गेले. उतारवयातल्या जोडप्याने कामाशिवाय, लग्नकार्याशिवाय स्कूटरवरून बाहेर पडावे, याचे आपल्या गावांना अजून थोडे नवल वाटते.

रस्ता तेलगावपर्यंत सरळ आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून वेचणीला आलेला कापूस. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर धरण झाले आणि या पट्ट्याचे पीकच बदलले. पण त्याच जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. बिऱ्हाडाने भरलेला एक ट्रॅक्टर तेलगावच्या पुढे आडवा आला. वर गाठोडी, भांडी, त्यांवर बसलेली मुले. शेठजींनी स्कूटर कडेला घेतली. त्यांच्या दुकानाची निम्मी उधारी अशाच घरांकडे असते आणि ती उन्हाळ्यात, माणसे परतल्यावर, बहुधा फिटते.

मग घाट लागतो. अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत. दुचाकीवाल्याने इथे घाई करू नये. उतारांवर सर्वत्र सीताफळाची झाडे. कोणी न लावलेली, खडकाच्या फटीतून उगवलेली, पावसाच्या पाण्यावर जगणारी. या सीताफळाने बीडचे नाव दूरवर नेले. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जैन घरांत हे फळ खावे की न खावे यावर जुना वाद आहे. बहुबीज म्हणून कोणी ते वर्ज्य मानतात. प्रत्येक बी आपापल्या गरात वेगळी असते, म्हणून कोणी चालवून घेतात. या दांपत्याच्या घरी ते चालते. शेठजींच्या आईकडे चालत नसे, म्हणून तिच्या हयातीत ते दुकानात खाल्ले जाई.

धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकात बांधला. अहमदनगरच्या निजामशाहीला आपल्या सीमेवरची ही ठाणेबंदी सोसवली नाही आणि १५६९ मध्ये मुर्तझा निजामशहा चालून आला. किश्वरखानाच्या उद्धट पत्राने संतापून त्याने शपथ घेतली, की किल्ल्यात शिरल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही, असे फेरिश्ताने लिहिले आहे. वेढ्यात किश्वरखान बाण लागून मेला आणि किल्ला पडला. पुढे जानेवारी १६३१ मध्ये, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ असताना, शाहजहानचा सरदार आझमखान याने तो मोगलांसाठी जिंकला. धारूरला फतेहाबाद हे नाव मिळाले, म्हणजे विजयाचे गाव. ते कागदोपत्री राहिले. लोकांच्या तोंडी धारूरच टिकले.

शेठजींनी हे सारे आदल्या रात्री वाचून ठेवले होते आणि दरवाजाशी उभे राहून सांगितले. रिकिबीची गोष्ट ऐकून बाई हसल्या. "त्याला पाय काढायचा नव्हता, मला टाकता येत नाही," म्हणाल्या आणि आत चालू लागल्या.

राजवाडा आणि बाग पाहायला म्हणून येणाऱ्याची इथे निराशा होईल. वाड्यांची आता जोती आणि अर्ध्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. बुरूज मात्र भक्कम आहेत, तट लांबवर वळत गेलेला आहे. खारी दिंडी आणि गोडी दिंडी ही दोन नावे कानांवर पडतात आणि या कोरड्या मुलुखात किल्लेदाराची पहिली चिंता शत्रूची नसून पाण्याची असणार, हे त्यांवरून कळते. बाग आहे ती गवताची आणि सीताफळांची. पडक्या भिंतीच्या आत, जिथे कधी दिवाणखाना असेल, तिथे एक झाड उभे होते, आणि हंगाम उतरणीला लागला असला तरी वर दोन फळे होती. ती पोपटांनी आधीच उघडली होती.

तटावर जायला दगडी पायऱ्या आहेत. पूर्वीच्या बांधणीच्या, उंच. शेठजी म्हणाले, "आपण खालूनच पाहू." बाई काही बोलल्या नाहीत. भिंतीला हात लावून त्यांनी पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, मग त्याच पायरीवर डावा. थांबल्या. पुन्हा उजवा. शेठजी मागे उभे राहिले, हात पुढे करून, पण न लावता. किती वेळ गेला ते दोघांनीही पाहिले नाही. वर पोहोचल्यावर बाईंनी पदराने घाम पुसला आणि तटाच्या दगडाला टेकून खालची दरी पाहिली. दरीत मोर ओरडत होते. त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. उतरताना त्यांनी शेठजींचा खांदा धरला. चढण्याहून उतरणे गुडघ्यांना अवघड जाते.

किल्ल्याबाहेर लिंबाच्या सावलीत बसून दोघांनी दशम्या खाल्ल्या. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून संध्याकाळचे जेवण व्हायचे होते, म्हणून तीनच्या सुमारास स्कूटर परत निघाली. घाटात एका म्हातारीकडून त्यांनी टोपलीतली उरलेली सगळी सीताफळे घेतली, भाव न करता. व्यापाऱ्याच्या घरात असे क्वचित घडते.

दुसऱ्या वळणावर बाईंनी मागून विचारले, "शिखरजीला पहाटे किती वाजता चढायला निघतात हो?"

समोरून उसाचा ट्रक येत होता. तो जाईपर्यंत शेठजी गप्प राहिले.

"तीनला निघतात," ते म्हणाले. "पण थंडीत नको. फाल्गुनात पाहू."