मनगट तेच, घड्याळ दुसरं

परभणी जिल्ह्यात एके काळी वेळ ही विचारून घ्यायची गोष्ट होती. सेलू, जिंतूर, पाथरीकडच्या खेड्यांत हातावर घड्याळ असलेली माणसं मोजकीच: गुरुजी, ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर आणि नुकतं लग्न झालेला एखादा जावई. लग्नाच्या यादीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ ठरलेलंच असायचं. ‘किती वाजले हो?’ असं अनोळखी माणसाला विचारायला कुणाला संकोच वाटत नसे. तोही थांबून, बाही सारून, मिनिटासकट वेळ सांगायचा.

आमचे अण्णा सेलू तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या हातात एचएमटीची ‘जनता’ असायची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूला 1961 साली एचएमटीची घड्याळं निघू लागली आणि साहेबाच्या हातातली वस्तू मास्तराच्या हातात आली. चावीचं घड्याळ, पांढरी तबकडी, बारीक काटे. अण्णांचं मनगट बारीक होतं. पट्टा शेवटच्या भोकावर लावूनही घड्याळ कोपराकडे सरकायचं, पण ते हाताला शोभतं की नाही असा विचार कुणाच्या मनातही आला नसावा. सकाळी आकाशवाणीवर वेळ सांगितली की अण्णा काटे जुळवून घेत आणि बोटाला अटकाव लागेपर्यंत चावी देत. मग त्यांच्या त्या एका मनगटावरून साऱ्या गावात वेळ वाटली जायची. शाळेपुढच्या लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पोरगा टोला द्यायचा, तोही अण्णांनी मान हलवली की. टोला ऐकून बाया भाकरी बांधायला घेत.

त्या घड्याळाला भीती फक्त पाण्याची होती. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरायची आणि काटे धुक्यात गेल्यासारखे दिसायचे. म्हणून वाटेतल्या ओढ्याला पाणी आलं की अण्णा घड्याळ काढून रुमालात गुंडाळत, रुमाल टोपीत ठेवत आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवून पाण्यात उतरत. धोतर भिजलं, पिशवी भिजली तरी चालेल, घड्याळ कोरडं राहिलं पाहिजे. ती टोपी दाबून धरणारी त्यांची बोटं मला अजून दिसतात.

बायकांच्या वाट्याला आलेलं घड्याळ वेगळंच होतं. नखाएवढी तबकडी, सोनेरी साखळी, बहुतेकदा सेकंदकाटाच नाही. उजव्या हातात बांगड्या, डाव्यात घड्याळ, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कॉलेजात असताना मलाही तसलंच मिळालं. दिसायला फार गोड होतं, पण वेळ बघायची तर उजेडाकडे वळावं लागे.

1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि माती, बी, पाणी मोजण्याची कामं या जिल्ह्यात रुजली. माझी नोकरी अशाच कामातली, माती परीक्षणाची. एक भाग माती, अडीच भाग पाणी. अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवायचं आणि मग सामू, म्हणजे पीएच, बघायचा. आमची काळी माती चुनखडीची, विम्ल. तिच्यातलं स्फुरद काढायचं तर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती अर्धा तास हलवत ठेवावी लागते. वेळ कमी-जास्त झाली की आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचं खताचं पोतं ठरतं. हात ओले, बोटांना रसायन लागलेलं. फोनला हात लावायची सोय नाही.

म्हणून मी कॅसिओचं डायव्हिंगचं घड्याळ घेतलं. 44 मिलिमीटर रुंदी, 200 मीटर पाण्याची हमी आणि भोवती साठ मिनिटांच्या खुणांची फिरती कडी. माझं मनगट अण्णांवरच गेलंय. स्टेशन रोडच्या घड्याळवाल्यानं पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून दिलं. नव्या पोरी विचारतात, ‘मॅडम, सरांचं घातलंय का?’ मी सांगते, माझंच आहे, कामाचं आहे. माती हलवणारा शेकर सुरू केला की कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. काटा तीसवर आला की अर्धा तास भरला. ही कडी एकाच दिशेला फिरते. पाण्याखाली चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी नाही, म्हणजे पाणबुड्या हवा संपायच्या आत वर येतो. समुद्र इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटर. पण ही कडी आमच्या प्रयोगशाळेसाठीच केलीय, असं मला मनापासून वाटतं.

ही घड्याळं पहिल्यापासून एवढी मोठी नव्हती. 1953च्या सुमारास आलेलं रोलेक्सचं सबमरिनर, 1965 सालचं सेकोचं पहिलं डायव्हिंग घड्याळ ही जेमतेम 37-38 मिलिमीटरची. अण्णांची जनता 35च्या आसपास. तेव्हाचे पहिलवानही एवढीच घड्याळं घालत. मोठ्या तबकडीचा सोस पुढे आला आणि त्याबरोबर बारीक मनगटाचा संकोचही. मला तो पटत नाही. तबकडीच्या आकड्यापेक्षा पट्टा जिथं अडकतो ती वरची-खालची टोकं बघावीत. ती मनगटाबाहेर लोंबली नाहीत आणि मनगट वाकवताना चावी हाताला टोचली नाही, तर घड्याळ आपल्याला बसलं.

एक गोष्ट मात्र हरवली. आता वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे कुणी कुणाला थांबवून विचारत नाही. माझं घड्याळ मला अर्धा तास मोजून देतं. अण्णांचं घड्याळ गावाच्या उपयोगी पडायचं. त्या दोन्हींत मोठं कोणतं, याबद्दल मला शंका नाही.

एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं 2016 साली घेतला. तुमच्या घरातल्या कपाटात वडिलांचं, आजोबांचं चावीचं घड्याळ पडून असेल, तर ते नुसतं जपून ठेवू नका. डोळ्याला भिंग लावून बसणारा कारागीर अजून तुमच्या गावात असेल. त्याच्याकडून ऑइलिंग करून घ्या, पट्टा बदला आणि मुलीच्या हातावर बांधा. तिचं मनगट बारीक असलं तरी.