वल्ली



रब्बीचं बियाणं काढताना तात्यांची आठवण झाली. शेजारच्या रानातले. सगळं गाव त्यांना 'वल्ली' म्हणायचं. मीपण.

आमच्याकडं वल्लं म्हणजे ओलं. वल्लं सरपण, वल्ली माती. पुस्तकात वल्ली म्हणजे वेल. माणसाला लावतात ती वल्ली निराळी, अरबी 'वली'वरून आलेली. वली म्हणजे देवाच्या जवळचा माणूस. अवलिया हा शब्दबी त्याच घरातला. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'नं तो घरोघर नेला. येडा म्हटलं की माणूस चिडतो. तऱ्हेवाईकाचा ताप होतो. वल्लीचं तसं नाही, नुसतं नाव निघालं तरी पारावर हसू फुटतं.

तात्या काढणीआधी ज्वारीत एकटेच फिरायचे आणि निवडक ताटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायचे. तांबडी, हिरवी, पिवळी. आम्ही म्हणायचो, तात्यांनी ज्वारीला राख्या बांधल्या. एकदा मला म्हणाले, "वल उडाली तरी ही ताठ हुबी ऱ्हायली बघ." मी हसलो आणि पुढं गेलो. वल्लीच ते, त्यांना काय विचारायचं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये 'पटेल ३' धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या. पुढं वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून एचएमटी तांदूळ झाला. नाव ठेवलं घड्याळावरून! हे वाचलं तेव्हा तात्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्यांच्या घरी गेलो. चुलीवर आढ्याला टांगलेली कणसं पत्रे बदलताना खाली काढली, पाखरांना टाकली. कुठला रंग कशासाठी, पोरांना ठाऊक नाही. काकू म्हणाल्या, "तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की. त्यांना सांगायची लई हौस. कुणी बसतच नव्हतं."

एका डब्यात दोन मुठी दाणे निघाले. कुठल्या चिंधीचे कोण जाणे, सगळे एकत्र. त्यातले शंभर मोजून वल्ल्या गोणपाटात गुंडाळले. आज पाचवा दिवस, अकरा फुटलेत. विहिरीकडच्या कोपऱ्यात, बाकीच्या ज्वारीपासून लांब लावणार आहे.

तुमच्या भागात कुणी अशा चिंध्या बांधत असेल तर रंगांचा अर्थ विचारून मला कळवा.