आंब्याच्या बागेतली बाराखडी

स्थलांतरितांच्या मुलांना शिकवण्यासाठी परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे अनुभव आपण कौतुकाने वाचतो. अंजनवेलसारख्या गावी राहणाऱ्याला मात्र त्यासाठी पारपत्र काढावे लागत नाही. दिवाळी सरली की परदेशच इथे येतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे येणाऱ्यांनाही पारपत्राची गरज नसते. कुणी बागांच्या राखणीला राहतो, कुणी वेलदूर-दाभोळकडच्या होड्यांवर खलाशी होतो. आमची माणसे मुंबईला आणि आखातात गेली. त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या कामांवर ही आली. नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या वीजप्रकल्पावर देशभरचे मजूर आले होते, तेव्हा वर्तमानपत्रांनी अंजनवेलचे नाव जगभर नेले. बागेतल्या खोपटात राहणाऱ्या या कुटुंबांची बातमी होत नाही.

गेले दोन हंगाम दर रविवारी सकाळी मी अशा आठ-नऊ मुलांना शिकवायला जाते. जागा म्हणजे पेट्या भरण्याची पडवी. मार्चमध्ये आंबा सुरू झाला की ती सोडावी लागते आणि वर्ग कलमाखाली भरतो. मुलांच्या आईला मी पहिल्या दिवशी रीतसर ‘वहिनी’ म्हटले. नेपाळीत ‘बहिनी’ म्हणजे धाकटी बहीण. तिने तेच ऐकले आणि तेव्हापासून मी तिची ‘दिदी’ झाले. आमच्याकडच्या शाळेत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात हे तिला पटेना. काही वर्षे मुंबईत काढल्यामुळे ‘बाई’ म्हणजे भांडी घासणारी, हे तिच्या मनात पक्के होते.

या मुलांविषयी कुणाशीही बोला, ‘भाषेची अडचण आहे’ हे वाक्य ठरलेले. मराठीच्या अध्यापकाला ते ऐकायला बरेही वाटते, कारण मग इलाज आपल्या हातात असल्यासारखा वाटतो. माझा अनुभव निराळा आहे. लिपी दोघांची देवनागरी. हात, नाक, कान, घर, भात हे शब्द तेच. इतकेच काय, होकारार्थी ‘हो’सुद्धा तोच. अडते ते थोड्या ठिकाणी. नेपाळीत ‘ळ’ नाही. नेपाळी ‘च’ आपल्या दंततालव्य ‘च’च्या जवळचा, त्यामुळे माझी नऊ-दहा वर्षांची विद्यार्थिनी ‘चिमणी’तला ‘च’ ‘चमच्या’सारखा उच्चारते आणि गावातली मुले हसतात. ‘पाणी’ला ती ‘पानी’ म्हणते. यावर कुणी रागावत नाही, परदेशी मूल म्हणून गंमत वाटते. हाच ‘न’ आपल्या वाडीवस्तीवरच्या मुलाच्या तोंडून आला की शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. प्रमाणभाषेच्या चर्चेत आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे, पण परक्याला सहज मिळणारी ही सूट घरच्या मुलाला का मिळत नाही, याचे उत्तर मी तरी कुठल्या परिसंवादात ऐकलेले नाही. असो.

खरी अडचण महिन्यांची आहे. नेपाळचे शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. नेमका तेव्हा हापूस ऐन भरात असतो आणि कुटुंब इथे असते. आमची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा ते नेपाळात असते. दसैं-तिहार आटोपून ते परतते तोवर इथले पहिले सत्र संपलेले. दोन्ही देशांत या मुलीचे नाव शाळेत असू शकते आणि दोन्हीकडे पहिला धडा तिच्यावाचून होतो. पाच-सहा महिन्यांत तिला ‘ळ’ आला, जोडाक्षरे आली. कॅलेंडरपुढे मात्र मराठीच्या पदव्युत्तर पदवीचा काही उपयोग नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ने भोंगाशाळा चालवल्या, पुण्याजवळच्या दगडखाणींत ‘संतुलन’ने पाषाणशाळा काढल्या. शाळेने मजुराच्या मागे जावे, ही त्यांमागची दृष्टी मोठीच होती. पण साखरशाळेतले मराठवाड्याचे मूल गावी परतते तेव्हा तिथेही बालभारतीचेच पुस्तक असते. माझी विद्यार्थिनी परतते ती दुसऱ्याच पुस्तकाकडे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा वयानुरूप वर्गात प्रवेश देतो, जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये असे सांगतो, राज्याबाहेर जाणाऱ्यालाही दाखल्याचा हक्क देतो. पण त्याची सत्ता सरहद्दीपर्यंतच. वय ठरवणे हीही एक कसरतच. आईने जन्मसाल २०७२ सांगितले. विक्रम संवत आपल्याला एरवी दिवाळीच्या पाडव्यापुरता आठवतो. ‘भूकंप झाला तेच साल,’ ती म्हणाली, तेव्हा २०१५ चा हिशेब लागला.

मे २०२५ अखेर त्यांची निघायची तयारी सुरू झाली तेव्हा मी एका कोऱ्या कागदावर तिला काय काय येते ते लिहिले: जोडाक्षरांसह वाचते, हातच्याची वजाबाकी करते, सात ओळी स्वतःच्या मनाने लिहिते. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. लिपी एक असल्याने तिथल्या शिक्षकाला निदान अक्षरे लागतील, एवढाच भरवसा. तारखेपाशी मी थांबले, तर तिनेच सांगितले, ‘जेठ लिहा, २०८२.’ मी दोन्ही लिहिल्या. आईने कागद बागमालकाच्या हिशेबाच्या चिठ्ठीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर कुटुंब आले. ती आली नव्हती. मामाकडे ठेवली आहे, शाळेत जाते, आई म्हणाली. कितवीत, ते तिला सांगता आले नाही. धाकटा भाऊ मात्र आला आहे, सहा वर्षांचा. तोही ‘पानी’च म्हणतो.