सायंतन

संध्याकाळसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. सांज, तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ, प्रदोष, गोरज. गावाकडे परतणाऱ्या गायींच्या खुरांनी उडणारी ती धूळ शहरातून केव्हाच नाहीशी झाली, गायीही गेल्या. पण लग्नपत्रिकेत गोरज मुहूर्त अजून शाबूत आहे. मात्र ही सारी वेळेची नावे झाली. त्या वेळी जे घडते, आणि ती वेळ आहे म्हणूनच घडते, त्यासाठी वेगळे विशेषण आपल्या नित्य वापरात नाही. ‘संध्याकाळचा’, ‘संध्याकाळची’ एवढ्यावर आपण भागवतो.

संस्कृतात असे विशेषण आहे: सायंतन. मराठी गद्यात ते इतके क्वचित भेटते की भेटले तर विद्यार्थी त्याला मुद्रणदोष समजतील. पण त्याचे कूळ मोठे आहे. अष्टाध्यायीतील ४.३.२३ या सूत्राने सायम्, चिरम् यांसारख्या कालवाचक शब्दांपुढे ‘तन’ येतो. (सूत्रात प्रत्यय खरे तर दोन आहेत, ट्यु आणि ट्युल्. दोहोंनी रूप एकच होते, भेद केवळ स्वराघाताचा. आणि तो स्वराघात ऐकणारे कान आता उरलेले नाहीत.) चिरंतन आणि सनातन ही याच घरातली भावंडे. अद्यतन दीर्घकाळ व्याकरणाच्या पुस्तकात निपचित पडून होता, तो संगणकाच्या मराठीने पुन्हा उठवून कामाला लावला. ह्यस्तन आणि श्वस्तन, म्हणजे कालचे आणि उद्याचे, हे कातंत्र व्याकरणात काळांच्या नावांत राहिले. सायंतन मात्र मागे पडला. युगानुयुगे टिकणाऱ्याला आणि तासाभरात मावळणाऱ्याला भाषेने एकच प्रत्यय लावावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

कालिदासाने हा शब्द वापरला आहे. ‘रघुवंशा’च्या सोळाव्या सर्गात ग्रीष्माचे वर्णन आहे. तिथे सायंतन मल्लिकेच्या उमलत्या कळ्या आहेत, आणि एकेका कळीवर पाय ठेवत त्या जणू मोजीत जाणारा भुंगा आहे. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्यंताच्या कानी आवाज येतो तोही सायंतन यज्ञकर्माच्या वेळी: वेदीभोवती राक्षसांच्या सावल्या घिरट्या घालू लागल्या आहेत. एकीकडे सुगंध, दुसरीकडे भय. पण दोन्ही ठिकाणी संध्याकाळ हा केवळ देखावा नाही. ती मल्लिका संध्याकाळी पाहिलेली मल्लिका नव्हे. दिवस कलल्यावाचून ती उमलतच नाही. अंगणातल्या गुलबक्षीचेही तेच.

आपला ‘-चा’ हा भेद करू शकत नाही. संध्याकाळची पोळी सकाळीच लाटून ठेवलेली असू शकते. संध्याकाळची गाडी उशीर करून रात्री येते, तरी ती संध्याकाळचीच राहते. ‘-चा’ मालकी सांगतो, नेमणूक सांगतो. कारण सांगत नाही.

हे सारे मला व्याकरणाच्या ओढीने सुचलेले नाही. आईच्या अखेरच्या तीन वर्षांत आमच्या घरात ‘सकाळची आई’ आणि ‘संध्याकाळची आई’ असे दोन शब्दप्रयोग रुळले होते. सकाळची आई मला ‘अरे’ म्हणायची, चहात साखर कमी पडली तर तसे ऐकवायची. उन्हे उतरू लागली की ती उठायची, उशाखालची दोन लुगडी पंचात बांधायची आणि दाराशी येऊन म्हणायची, “अहो, तुम्ही फार केलंत माझं. आता निघते. घरी वाट बघत असतील.” त्या ‘अहो’चा मला जितका धसका बसला, तितका विस्मरणाच्या इतर कोणत्याही खुणेचा बसला नाही. आपला मुलगा समोर उभा असताना तिने त्याला आदरार्थी बहुवचनात नेऊन बसवले होते.

डॉक्टरांनी त्याला ‘सनडाउनिंग’ म्हटले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत दिवस कलताना अस्वस्थता वाढते. शरीरातील घड्याळ बिघडणे, दिवसाचा थकवा, मंद होत जाणारा उजेड अशी कारणे त्यामागे असावीत असे मानतात. अंधारून येण्याआधीच घरातले दिवे लावत जा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे आमच्या घरी दिवेलागण साडेपाचला होऊ लागली, आणि कधी कधी तिचा उपयोगही झाला.

कातरवेळ हा शब्द त्या दिवसांत मला पुरेना. तो सुंदर आहे. पण कातर होते ते मन, आणि आपण ते वेळेला चिकटवतो. त्यात ऐकणाऱ्याचे हळवेपण अधिक आहे. आई हळवी झाली नव्हती. ती निघाली होती, व्यवस्थित बोचके बांधून. ‘संध्याकाळची आई’ यात तर जणू दुसरी एक आई कुणाच्या तरी मालकीची होती. सायंतन यांपैकी काहीच लादत नाही. दिवस उतरला, आणि त्याबरोबर हे घडले, एवढेच तो सांगतो. दोष ना तिचा, ना आमचा.

अध्यापनात मात्र या शब्दाने माझे काम थोडे सोपे केले. ग्रेस यांचा पहिला संग्रह ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७चा. यातल्या ‘च्या’चा अर्थ काय, असे मी वर्गात विचारतो. संध्याकाळी लिहिलेल्या? संध्याकाळविषयीच्या? मुले बहुधा दुसऱ्यावर थांबतात. सायंतन हा शब्द फळ्यावर लिहिला की तिसरा अर्थ दिसू लागतो: संध्याकाळ झाल्यावाचून ज्या संभवल्याच नसत्या, अशा. माझे मत या तिसऱ्या अर्थाच्या बाजूने आहे. कुणी ते खोडून काढल्यास ऐकायला आवडेल.

घरात मी हा शब्द कधी उच्चारला नाही. बहीण रात्री फोनवर विचारायची, “आज कशी होती?” मी सांगत असे, “निघाली होती. फाटकापर्यंत जाऊन आलो दोघं.”