टाकीचं झाकण

आमच्या अब्बांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली. गाडी शेठची, दिवसाचं भाडं ठरलेलं, उरेल ते आपलं. गावी खेडला परतताना त्यांनी आयुष्यातली एकच चैन केली. एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. म्हणाले, "आता बिनमीटरची गाडी चालवून बघतो."

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा अब्बा बराच वेळ टीव्हीसमोर गप्प बसून होते. नंतर अंगणात गेले आणि आमच्या गाडीवरची धूळ पुसू लागले.

अब्बांचे गुडघे गेल्यापासून गाडी मी चालवतो. दोन वर्षांपूर्वी महाडच्या आपाचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला. पोरगा हुशार आणि कामसू. बाजार, दवाखाना, अब्बांना जुम्याच्या नमाजाला नेणं, सगळं तो करू लागला. साहजिकच गाडीची किल्ली त्याच्याकडे जास्त असायची.

काही महिन्यांनी पेट्रोलचा हिशोब लागेना. आधी लिटरमागे बारा किलोमीटर जाणारी गाडी नऊवर आली, मग आठवर. गाडीखाली गळतीचा थेंब नाही, बाहेर वास नाही. मग पेट्रोल जातं कुठं? मनात एक विचार आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पोरगा तरुण आहे, मित्रांकडे मोटरसायकली आहेत, एखादी बाटली काढत असेल.

मी त्याला काहीच विचारलं नाही. बाजारातून कुलपाचं नवं झाकण आणलं आणि टाकीला बसवलं. किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या दिवशी त्याने ते पाहिलं. हात लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी धुवायला लागला. पंधरा दिवसांत म्हणाला, "मामू, मित्रांबरोबर खोली घेतोय. कॉलेज जवळ पडेल." मी थांबवलं नाही. आपाचा फोन आला, "काही झालं का रे?" मी म्हटलं, "छे, काही नाही."

त्यानंतर गाडी बिघडली.

गावात फिरताना ठीक चालायची. पण महाडला निघालो की भरणे नाक्यापासून अर्ध्या-पाऊण तासाने, जुन्या कशेडी घाटाच्या चढाला, आधी झटके मारायची, मग दम सोडायची. बॉनेट उघडून थांबलो की थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची आणि पुढे जाऊन पुन्हा बंद. मिस्त्री म्हणाला कॉइल गरम होते, कॉइल बदलली. मग पॉइंट आणि कंडेन्सर. मग कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, नवा किट टाकला. प्रत्येक वेळी पैसे गेले, घाट मात्र चढेना. मिस्त्रीने शेवटी सांगितलं, "उन्हाने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंपावर ओला कपडा टाका." जुन्या गाड्यांना हा त्रास होतोही. कपडा टाकला. फरक शून्य.

पत्नी म्हणाली, "अब्बांना एकदा तरी विचारा." खरं सांगायचं तर मी टाळत होतो. का ते तेव्हा मला नीट उमगलं नव्हतं.

अब्बांनी अंगणात खुर्ची मागवली. म्हणाले, "अंदाजाने सामान बदलू नकोस. पेट्रोल टाकीतून निघतं आणि कार्बोरेटरला पोहोचतं. मधे कुठं अडलं ते एकेक टप्पा करून बघ. आधी एक लांब चक्कर मार, बंद पडली की तिथूनच फोन कर."

गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी फोनवर पहिलं काम सांगितलं. एअर फिल्टर काढ, कार्बोरेटरच्या तोंडात बघ आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटर ओढ. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली नाही. म्हणजे कार्बोरेटर कोरडा. कॉइल, पॉइंट यांचा काही दोष नव्हता, उगाच बदलले.

दुसरा प्रयोग जुन्या टॅक्सीवाल्यांचा. इंजिन थंड होऊ दिलं, आसपास विडी-काडी नाही याची खात्री केली आणि पेट्रोलची बाटली उंचावर बांधून नळी थेट कार्बोरेटरला जोडली, आजाऱ्याला सलाइन लावतात तशी. इंजिन एका हाकेत सुरू झालं आणि जागेवर सुरळीत चालत राहिलं. म्हणजे दोष कार्बोरेटरच्या मागे.

तिसरा प्रयोग. पद्मिनीचा पंप टाकीत नसतो, इंजिनाच्या अंगाला असतो. इंजिनाच्या कॅमशाफ्टने त्याची दांडी हलते, आतला रबरी पडदा खाली-वर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे ओढलं जातं. अब्बांनी पंपाची टाकीकडची नळी काढून शेजारी ठेवलेल्या डब्यात सोडायला लावली. पंपाने डब्यातून पेट्रोल ओढलं. जोर जरा कमी वाटला, पण ओढलं. म्हणजे अडथळा त्याच्याही मागे, पाइपात किंवा टाकीत.

"आता टाकीचं झाकण उघड," अब्बा म्हणाले, "आणि कान दे."

मी खिशातली किल्ली काढली, कुलूप फिरवलं. झाकण सैल होताच टाकीने सुस्स करून हवा आत ओढली, एवढ्या जोरात की मी दचकलो. सगळ्या नळ्या जागेवर जोडल्या, झाकणाच्या जागी कपडा बांधला. गाडीने घाट एका दमात चढला.

कारण साधं होतं. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. आमच्या गाडीत ती वाट जुन्या झाकणाच्या बारीक छिद्रातूनच होती. नवं झाकण घट्ट. गावातल्या छोट्या फेरीत काही कळायचं नाही, पण लांबच्या वाटेवर टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढवायचं नाही. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरायची, म्हणून गाडी पुन्हा सुरू व्हायची.

घरी आलो तर अब्बांचा प्रश्न तयार होता. "जुनं झाकण चांगलं होतं. हे कशाला बसवलंस?"

मला सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेट्रोल कुठं जातं हे गाडीला विचारायचं होतं. पोराला कशाला विचारलंस?"

"मी त्याला काही विचारलं नाही, अब्बा."

"न विचारता कुलूप लावलंस. ते तर जास्त वाईट."

थोड्या वेळाने त्यांनी डिपस्टिक काढायला सांगितली. इंजिन ऑइल खुणेच्या बरंच वर होतं, पातळ झालेलं, आणि त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास. ऑइल कमी झालंय का हे आपण बघतो, वाढलंय का हे कोण बघतो? पंप उघडला. पडद्याला बारीक भेग होती. इंजिन चालू असताना तिथून पेट्रोल थेंब थेंब इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरत होतं. जमिनीवर डाग कसा पडणार? चोर बॉनेटखाली बसला होता. पंपाचा जोर कमी का वाटला तेही कळलं. तसंच चालवत राहिलो असतो तर पातळ ऑइलने इंजिनाच्या बेअरिंगही खाल्ल्या असत्या.

नवा पडदा बसवला, ऑइल बदललं, जुनं झाकण परत लावलं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर पडदा आणि नळ्या एकदा तपासून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळाभर अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवू नका.

त्या संध्याकाळी मी भाच्याच्या खोलीवर गेलो. फाटलेला पडदा रुमालात बांधून नेला होता. तो त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, मनात काय आलं होतं तेही. "माफ कर" हा शब्द वयाने लहान माणसासमोर किती जड होतो, ते त्या दिवशी कळलं.

तो पडदा उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, दोनदा मी माझ्या पैशाने पेट्रोल टाकलं होतं. काटा फार लवकर खाली येत होता. तुम्हाला वाटेल मी फिरवली, म्हणून."

माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तो परत राहायला आला नाही. खोलीचं भाडं भरलं होतं आणि कदाचित तेच बरं. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी महाडला जाताना गाडी त्याने चालवली. अब्बा पुढे बसले होते. कशेडीचा चढ आला तेव्हा कुणीच काही बोललं नाही, सगळे इंजिनाचा आवाज ऐकत होते. माथ्यावर पोहोचल्यावर अब्बांनी डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "चल बेटा, आता उतार आहे."

कुलपाचं झाकण अजून माझ्या कपाटात आहे. टाकून द्यावंसं वाटत नाही.